चोरीला गेलेला करंट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी दहाच्या सुमारास, वाशीम ठाण्याच्या हवालातीत एका निरपराध मोटार-मिस्त्र्याला कोंडण्यात आले. 'कोंडण्यात आले' हे सरकारी वळण झाले. कोंडले मी. ठाण्याचा फौजदार मीच होतो. पुढे तिशीच्या आतच मी खाकी उतरवली, पण ती सकाळ अंगावरून उतरत नाही.

फिर्यादी गावातले एक सेठ, जैन व्यापारी. मोटार त्यांची, आणि दौऱ्यावरचे साहेब लोक त्याच मोटारीतून फिरत, हेही इथेच लिहून टाकतो. तक्रार अशी, की मोटारीची बॅटरी चार-पाच दिवसांत मरते. एक गेली, नवी आणली, तीही तशीच. मेडशीच्या रस्त्यावर हँडल मारून मारून ड्रायव्हरचा हात सुजला. सेठांच्या मते मिस्त्री आतल्या नव्या प्लेटा काढून जुन्या भरत होता.

"माहा करंट चोरून राह्यला तो!" सेठ टेबलावर हात आपटून म्हणाले.

जमादारांनी टाक थांबवला. "साहेब, मुद्देमालात करंट लिवू का? सापडला तं ठेवाचा कुठं?"

मी हसलो नाही. हसून ती तक्रार तिथेच परत करायला हवी होती.

त्यात एका खबऱ्याने सांगितले, की मिस्त्र्याच्या दुकानात बॅटरी फोडून ठेवलेली आहे. झडती घेतली. फोडलेली बॅटरी मिळाली. मला वाटले, झाला तपास! ती सेठांनीच भंगारात दिलेली पहिली बॅटरी होती, हे विचारायचे मला सुचले नाही. बड्या माणसाने नाव घेतले की पोलिसाचे डोके बंद आणि हात चालू होतात.

"प्लेटा कुठं विकल्या?" मी दरडावले.

मिस्त्री चाळिशीचा, बोटे तेजाबाने भाजलेली. चोर शपथा घेतो; हा मलाच प्रश्न विचारू लागला.

"साहेब, चोरी झाली का नाई, ते पाह्यलं का तुमी? आधी चोरी धुंडा ना. चोर कायले धुंडता?"

जमादारांनी हात उगारला. मी त्यांना थांबवले, एवढेच त्या दिवशीचे माझे पुण्य. मिस्त्री म्हणाला, "मोटार इथं आना. तुमच्या डोळ्यादेखत पाहू. निघाली चोरी, तं धाडा जेलात. नाई निघाली तं माहं नाव साफ करा. नाव गेलं, तं माह्या हाती मोटार कोन देईन?"

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात त्याने जे केले, तसा तपास मी माझ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. घाई नाही, कोणावर राग नाही. आधी बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुतली, तारांचे चिमटे आवळले. मग हँडल मारून इंजिन चालू केले आणि मला करंट मोजणारा काटा दाखवला. "करंट भरून राह्यला. म्हंजे करंट भरनारा डायनामो निर्दोष सुटला." तासाभराने इंजिन बंद करून त्याने बॅटरीची तारच काढून ठेवली. "आता मोटारीचा अन् तिचा संबंध नाई. सकाळी मेली, तं चोर मोटारीत नाई, तिच्या पोटात हाय." एकेका संशयिताला तो असा पुराव्यानिशी सोडत होता. स्वतः मात्र रात्री हवालातीत परत गेला.

सकाळी बॅटरी मेलेली. सेठ आपल्या आईंना घेऊन आले होते. मिस्त्र्याने विचारले, "बॅटरीत पानी कोनतं घातलं?"

"शुद्ध. तूच सांगतलं होतं ना!"

"शुद्ध म्हंजे?"

आई पुढे झाल्या. "विहिरीचं, दोनदा गाळून, उकडून. मी सोता देतो ना ड्रायव्हरजवळ. आमी पेतो तेच!"

मिस्त्र्याने दवाखान्यातून औषधात घालायचे, वाफेपासून केलेले पाणी मागवले. काचेच्या तुकड्यावर एक थेंब त्याचा, एक सेठांच्या घरचा, आणि काच उन्हात. वाळल्यावर दवाखान्याच्या थेंबाची खूणही उरली नाही. घरच्या थेंबाच्या जागी पांढरे कडे.

"हा खार. उकडल्यानं जात नाई. हाच आतल्या आत बॅटरी खाते."

"बाप्पा! आमचं पानी मानसाले चालते, अन् यंत्राले नाई?"

"माय, मानूस लय सोसते. बॅटरी सोसत नाई." मग सेठांकडे वळून तो म्हणाला, "चूक माही बी हाय. मी नुसतं शुद्ध म्हनलो. वाफेचं म्हनाले पायजे होतं."

दोन रात्री कोंडलेला माणूस आपली चूक कबूल करत होता! सेठांनी सगळ्यांसमोर त्याला हात जोडले. मी त्याला सोडले, पण रोजनामच्यात 'गैरसमजातून तक्रार' एवढेच लिहिले. त्या दोन रात्रींचा उल्लेख नाही, माझ्या चुकीचा तर नाहीच. ती नोंद आज इथे करतो आहे. नाव साफ करा म्हणाला होता, त्याची ही उशिराची फेड.

मला गुन्ह्याचा तपास एका मिस्त्र्याने शिकवला. वाचकहो, नुसती हळहळ नको. तुमच्या गावात उद्या कोणाला बड्याच्या शब्दावर धरून नेले, तर ठाण्याच्या दारात जा आणि विचारा, "चोरी झाली का, ते पाहिले का?" उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.