खोली सात, माणसं दोन

इथे दक्षिण जर्मनीत, बिबराखच्या आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते, आणि शनिवारी दुपारपर्यंत जिना लख्ख झाला नाही तर तळमजल्यावरच्या बाया काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. त्यापेक्षा चार शब्द ऐकलेले परवडले. लिओबा शेडलरचा नवरा एर्विन नऊ फेब्रुवारीला, शुक्रवारी सकाळी, बूट घालता घालता स्वयंपाकघरात कोसळला आणि तिथेच गेला. त्या आठवड्यात पाटी लिओबाच्याच दारावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिन्ही मजल्यांचा जिना झाडला, पुसला, कठड्यावरून फडकं फिरवलं आणि पाटी नेऊन शेजारच्या दाराला अडकवली. कोणी म्हणालं, बाई खंबीर आहे. कोणी म्हणालं, बाईला काळीजच नाही. खरं म्हणजे तिला काहीच होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिली की गाल आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंग वाटत होतं, आणि तक्रार करण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

सांगण्याची वेळ तिच्यावर आलीच नाही. पाद्र्याने चर्चमध्ये सांगितलं, वर्तमानपत्रात काळ्या चौकटीत छापून आलं, पेन्शनच्या कचेरीला दाखला गेला. लोक हात हातात घेऊन हळहळायचे, ती ‘आभारी आहे’ म्हणायची. ‘एर्विन गेला’ हे दोन शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते, आणि हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

घोटाळा झाला तो कार्डामुळे. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात, लेख नदीच्या दरीत, बुर्गी नावाच्या बाईचं नऊ खोल्यांचं अतिथीगृह आहे. लिओबा आणि एर्विन एकोणतीस उन्हाळे तिथे गेले. तीच खोली, तेच दोन आठवडे, खिडकीतून तोच डोंगर. एकदा एखादी गादी पाठीला मानवली की आमची माणसं जन्मात दुसरी गादी बघत नाहीत. बुर्गी दर जानेवारीत एक कार्ड पाठवते, ते भरून फेब्रुवारीअखेर परत धाडायचं. दफनभूमीच्या कचेरीतून घरी येताना लिओबाने ते पोस्टात उभ्या उभ्या भरलं. खोली सात. माणसं दोन. रात्रीचं जेवण हवं. एर्विनला कांदा नको. तिकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. घरी येऊन एकाच माणसापुरतं सूप गरम केलं, तरी तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला मे महिन्यात, बुर्गीचं पत्र आल्यावर. यंदा तिसावं वर्ष! तीस वर्षं येणाऱ्या पाहुण्यांचा तिकडे गावातर्फे सत्कार होतो. सरपंच स्वतः येणार, गावचा वाद्यवृंद येणार, जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार. दोन सोनेरी बिल्ले तयार आहेत आणि दोघांची नावं घातलेलं मानपत्र छापायला गेलं आहे, असं बुर्गीने तीन उद्गारचिन्हं देऊन लिहिलं होतं.

एका ओळीचं उत्तर पुरलं असतं. लिओबाने कागद घेतला, ‘प्रिय बुर्गी’ लिहिलं, मग बिबराखच्या हवेबद्दल चार ओळी लिहिल्या, मग कुंडीतल्या फुलांबद्दल दोन, आणि कागद फाडून टाकला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने ठरवलं की आपण जायचं आणि तोंडानेच सांगायचं. सत्काराच्या आधी सांगायलाच हवं होतं, नाहीतर सरपंच भर अंगणात एर्विनच्या नावाने हाक मारणार होते.

जायचं म्हणजे गाडीने, हेही तिने परस्पर ठरवून टाकलं. परवाना तिला एकोणिसाव्या वर्षी मिळाला होता. पण लग्नानंतर एर्विन म्हणाला, ‘तू नकाशा बघ, मी चालवतो,’ आणि तिने एक्केचाळीस वर्षं नकाशा बघितला. दक्षिण जर्मनीतला आणि टिरोलमधला फाटा न् फाटा तिला पाठ होता. फक्त स्टीअरिंगला हात लावलेला नव्हता.

ती तिसऱ्या मजल्यावरच्या रेकसाहेबांकडे गेली. हे गेबहार्ड रेक, वय शहात्तर, उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावरही जीभ काही निवृत्त झाली नाही.

"शेडलरबाई, शेवटचं काय चालवलंत तुम्ही?"

"ट्रॅक्टर. माझ्या भावाचा. त्र्याऐंशी साली."

"वा! म्हणजे घाई करायची सवय नाही, एवढं तरी बरं. ट्रेनने का जात नाही?"

"गाडी खाली उभी आहे."

"मग उभी राहू दे की! ती काय गवत मागतेय?"

पण पुढच्या मंगळवारी ते तिच्या शेजारी पट्टा बांधून बसले. गावाबाहेर पहिला फाटा आला. लिओबा मोठ्याने म्हणाली, "आता डावीकडे," आणि डावीकडे वळली. पुढच्या फाट्यावर पुन्हा, "सरळ, चर्चच्या पुढून उजवीकडे."

"रस्ता माहितेय मला," रेकसाहेब करवादले. "कोणाला सांगताय?"

"चालवणाऱ्याला."

"अहो, चालवताय तुम्ही!"

"हो. पण सांगितल्याशिवाय हात वळत नाही."

रेकसाहेबांनी आयुष्यात रडणारे, किंचाळणारे, एकदा तर देवाचा धावा करणारे विद्यार्थी पाहिले होते. त्यांनी थोडा विचार केला. "बरं, सांगा. पण जरा आधी सांगत जा. वळण गेल्यावर सांगून काय उपयोग?"

असे सहा मंगळवार झाले. जुलै उजाडला तेव्हा ती ट्रकच्या मागून न घाबरता जायला शिकली होती. न घाबरता म्हणजे काय, भीतीसुद्धा तिच्यापर्यंत पोचत नव्हती. रेकसाहेबांना तेच आवडत नव्हतं. "थोडं घाबरा हो," ते म्हणायचे, "घाबरलेला माणूस आरशात बघतो."

प्रवासाचा आराखडा तिने चौकटीच्या कागदावर पट्टी धरून केला. आठ वाजता निघणं. मेमिंगन. साडेनऊला केम्प्टनजवळ थांबा, थर्मासमधली कॉफी, लोणी लावलेला पाव. फ्युसन, बोगदा, सीमा. पावणेअकराला रॉयट, पेट्रोल तिथेच भरायचं, अलीकडे एक थेंबही नाही, कारण तिकडे स्वस्त, आणि शहाणी माणसं सीमेपलीकडेच टाकी भरतात. पिवळी जाकिटं, औषधांची पेटी, बंद पडलेल्या गाडीमागे ठेवायचा त्रिकोण. रेकसाहेब चष्मा लावून कागद तपासत होते तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे बुर्गी. तिचा आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी खोलीभर ऐकू यावा.

"अगं लिओबा, वाद्यवाले विचारतायत, एर्विनला कुठली धून आवडते?"

"संथ असेल ती कुठलीही."

"आणि उशी? कडकच ना अजून?"

"कडकच."

"म्हातारा सुधारायचा नाही! दे बरं त्याला फोन, जरा फिरकी घेते त्याची."

"तो इथे नाही आत्ता."

"बरं, सांग त्याला, टाय आणायला सांगितलंय म्हणावं. फोटो आहे!"

लिओबाने फोन ठेवला आणि पेन्सिलीला टोक करू लागली. रेकसाहेबांनी चष्मा काढला.

"शेडलरबाई. त्यांना माहीत नाही?"

"नाही."

"आत्ता सांगायचं होतंत की! एवढ्याशा गोष्टीसाठी दीडशे किलोमीटर जाणार तुम्ही?"

"इथून होत नाही माझ्याच्याने."

"आणि तिथून होईल?"

लिओबाने पट्टी सरळ केली आणि रॉयटच्या ओळीपुढे सुबक अक्षरात लिहिलं, ‘बुर्गीला फोन. सांगणे.’ रेकसाहेबांनी ते वाचलं. त्यांना तिचा राग आला होता आणि दयाही आली होती, आणि दोन्ही एकदम आलं की ते खोकतात, तसे खोकले.

शनिवारी ठरल्याप्रमाणे ती निघाली. आठला दोन मिनिटं कमी होती. जिन्याच्या पाळीची तिने आधीच अदलाबदल करून ठेवली होती. वाटेत सांगण्यासारखं काही घडलं नाही. ती प्रत्येक फाट्यावर बोलली आणि प्रत्येक फाट्यावर वळली. केम्प्टनजवळ कॉफी पिताना समोर डोंगरांची पहिली रांग दिसली. दरवर्षी या ठिकाणी एर्विन टोपी काढायचा. तिला ते आठवलं, आणि आठवूनही काही झालं नाही, म्हणून तिने पाव संपवला.

रॉयटला तिने टाकी भरली. फोन काढला, बुर्गीचा नंबर लावला, एकदा घंटी वाजली आणि तिने तो बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारला. तिने फोन पिशवीत टाकला आणि निघाली. आराखड्यातली तेवढी एक ओळ राहून गेली.

बारा वाजता ती अंगणात पोचली. खुर्च्या मांडलेल्या होत्या, दारावर फुलांची कमान होती. बुर्गी अ‍ॅप्रनला हात पुसत धावत आली आणि एकोणतीस वर्षांच्या सवयीने गाडीच्या उजव्या बाजूचं, लिओबा नकाशा घेऊन बसायची तिकडचं दार उघडून वाकली.

"ये गं बाई, मी म्हटलं आता..."

आसनावर नुसती पिशवी होती. बुर्गीने मागच्या आसनाकडे पाहिलं. मग पलीकडे, स्टीअरिंगमागे बसलेल्या लिओबाकडे.

"तू? एर्विन कुठाय?"

"एर्विन गेला," लिओबा समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "नऊ फेब्रुवारीला. बूट घालत होता."

"फेब्रुवारीत? पण कार्डावर तर..."

"दोन लिहिलं. दरवर्षी दोनच लिहिते."

"आणि परवा फोनवर? उशी, धून... अगं, आणि मी त्याला म्हातारा म्हणत होते!"

बुर्गीने पिशवी उचलून मागे टाकली, ती आत येऊन बसली, दार ओढून घेतलं आणि तोंडाला अ‍ॅप्रन लावून रडायला लागली. हुंदके देऊन, अंग गदागदा हलवून, कोणाची भीडभाड न ठेवता. लिओबा तिच्याकडे बघत राहिली. पाच महिन्यांत तिच्यासमोर असं कोणी रडलं नव्हतं. सगळ्यांनी तिचा मान राखला होता.

"एर्विन गेला," ती पुन्हा म्हणाली. बुर्गीला ते कळलेलं होतं, पुन्हा सांगायची काही गरज नव्हती. बुर्गीने नुसती मान हलवली आणि तिचा हात घट्ट धरला.

मग लिओबा ते तिसऱ्यांदा म्हणायला गेली. नाव निघालं. पुढचा शब्द काही केल्या निघेना.