यादीतले सातवे नाव

राजूरच्या रस्त्यावरचे आमचे छोटे चर्च आता बंद होणार आहे. मिशनने त्याचा इतिहास लिहून मागवला. याद्या मीच ठेवत असे, म्हणून हे कामही माझ्याकडे आले.

बांधकामाचे लिहायला वेळ लागला नाही. छप्पन साली खाणीवरच्या मजुरांनी भिंती उभ्या केल्या, वर पत्रे टाकले. घंटा नव्हती. कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगला होता, तो मी हातोडीने वाजवत असे. फादर महिन्यातून एकदा सकाळच्या एसटीने येत, चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना करत, मग आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे पापनिवेदन ऐकत आणि चारच्या गाडीने परतत. त्यानंतर गाडी नव्हती. म्हणून कोणाकडे आधी, कोणाकडे नंतर, हे मी अगोदरच लिहून ठेवायची.

एका हिवाळ्यात माझी माय दम्याने खाटेला खिळली. मी तिचे नाव यादीत पहिले घातले. मिस्सा झाल्यावर एक शेजारीण सगळ्यांसमोर म्हणाली, "बाईची माय पह्यली, आमची माय मागून. फादरले घरीच बांधून ठेवा ना!" लोक हसले, मीही हसले. पुढच्या महिन्यात सात घरे होती. आमचे सातवे लिहिले.

"माह्यं नाव टाकलं का वो?" मायने विचारले.

"टाकलं. सातवं."

"म्हंजे उरलंसुरलं मले." हसता हसता ती खोकली. मग म्हणाली, "एक गोष्ट सांगायची हाय फादरले. लय वर्साची हाय."

त्या दिवशी तिने धुतलेले लुगडे नेसवून घेतले. खाटेजवळ स्टुलावर पांढरे फडके, क्रूस आणि मेणबत्ती मांडायला लावली.

पाचव्या घरचा म्हातारा ठार बहिरा होता. फादर ओरडून विचारत, तो ओरडून पापे सांगे. मी आणि घरची माणसे अंगण सोडून रस्त्यावर आलो तरी ऐकू येत होते. तिथे फार वेळ गेला. सहाव्या घरातून निघालो, तर वळणावर एसटीची धूळ दिसली.

चर्चसमोर सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दुकानवाले चाचा हातातला पाना घेऊन गाडीसमोर उभे राहिले.

"बाई, किती वेळ रोकू? ड्रायव्हर दोस्त हाय आपला. दहा मिनिट भांडतो त्याच्यासंगं, त्यात काय!"

फादरांनी विचारले, "कोण राहिले?"

दुसऱ्या सकाळी त्यांची मिस्सा पुढच्या गावी होती. गाडीतली माणसे खिडकीतून डोकावत होती. ती शेजारीण पदर तोंडाशी धरून माझ्याकडेच बघत होती.

"आमच्याच घरचं एक," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात चालेल."

"नक्की?"

"पहिलं नाव तिचंच लावते."

चाचा बाजूला झाले.

माय भिंतीला टेकून बसली होती. गाडी सुटल्याचा आवाज तिने ऐकला होता.

"गेले?"

"पुढच्या महिन्यात तू पहिली."

"बरं. मेणबत्ती इझव. कायले जाळतं उगीच?"

अकरा दिवसांनी ती गेली. काय सांगायचे होते, ते मी दोनदा विचारले. "तू काय फादर हायेस का?" एवढेच म्हणाली.

पुढच्या महिन्याची यादी मी गाडी सुटली त्याच संध्याकाळी करून ठेवली होती. तिच्यातले पहिले नाव खोडले. नंतर मजुरांची घरे दुसऱ्या खाणींकडे निघून गेली. यादी चारांवर आली, दोनांवर आली, मग लिहावी लागेना.

मिशनच्या कागदात मृतांचा तक्ता आहे. मरणाआधी पापनिवेदन आणि शेवटचे संस्कार मिळाले का, नसल्यास कारण काय, असे त्यात विचारले आहे. दोघांपुढे मी लिहिले, "फादर वेळेवर पोहोचले नाहीत." ते खरे आहे. मायच्या ओळीत तसे लिहिता येत नाही. फादर आमच्या दारापासून पन्नास पावलांवर उभे होते आणि चाचांनी गाडी अडवून धरली होती.

बाकी सगळे रकाने भरून झाले. कागद उद्याच्या चारच्या गाडीने पाठवायचे आहेत.