पंखा थोडा मागे राहू दे

मुलुंडच्या लाकडाच्या दुकानात सागवानाच्या तुकड्यावरून हात फिरवत उभा होतो, तेव्हा नंदावहिनींचा फोन आला. वाटलं, मोहनने पुन्हा चष्मा हरवला असेल आणि तो माझ्याकडे राहिलाय का, हे विचारायला बायकोला कामाला लावलं असेल. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे उठत नाहीयेत..." दुकानदार विचारत होता, रंधा मारून देऊ का, आणि मी नुसताच मान हलवत होतो. भांडुपला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. माझा मित्र मोहन सावंत दुपारी जेवून आडवा झाला, तो झोपेतच गेला. जमलेली माणसं म्हणाली, भाग्याचं मरण. असेल. मला मात्र अजून राग येतो. ज्या फळीसाठी त्याने मला घराबाहेर पिटाळलं होतं, ती माझ्या काखेत होती आणि ती कुठे ठेवू, हे विचारायला तो नव्हता.

आम्ही एकाच इमारतीत राहणारे. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, मी कांजूरमार्गच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचो. दोघेही निवृत्त झालो आणि दोघांच्याही बायका आम्हाला कंटाळल्या. तेव्हा मोहनने सुटे भाग मागवून त्याच्या बंदिस्त बाल्कनीत एक छोटं सीएनसी मशीन उभं करायला घेतलं. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं आणि मशीनने ते लाकडात कोरायचं, असा बेत. आम्ही एकमेकांवर ओरडत, स्क्रू हरवत, एकदाचं ते चालू केलं. इमारतीतल्या पोरासोरांची नावं कोरून झाली, गणपतीच्या मखरासाठी नक्षी झाली. मग एके दिवशी कुरिअरवाला आला आणि सावंतांच्याच दारात उभं राहून त्याने मला विचारलं, "नंदा सावंत कुठे राहतात?" वहिनी घरी करून विकायच्या तो मालवणी मसाला तेव्हा पार बोरिवलीपर्यंत जायचा, पण दारावर पाटी होती 'मोहन गो. सावंत'. मोहन आतून ऐकत होता. संध्याकाळी कॉम्प्युटरवर दोनच शब्द टाईप केलेले दिसले, 'नंदा सावंत'.

वहिनी म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी बरी आठवण झाली!" तोंडाने टोमणा, पण त्या दिवशी दोनदा बाल्कनीत डोकावून गेल्या. लहान नावं सहज कोरणारं मशीन ही मोठी पाटी मात्र काही केल्या पूर्ण करेना. 'नंदा' झकास उमटायचं, आणि 'सावंत'पर्यंत येईतो मशीन आपली जागा चुकायचं. वरची रेघ मध्येच जिन्याच्या पायरीसारखी खाली उतरायची. आम्ही लाकूड बदललं, पातं बदललं. शेवटी मोहनने मोटरींना हुकूम देणाऱ्या बोर्डाला बोट लावलं आणि चटका बसून हात झटकला. बराच वेळ काम केलं की बोर्ड तापत होता आणि मोटरी अडखळत होत्या. त्याला पंखा हवा होता.

जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा माझ्याकडे होता. मशीनला चोवीस व्होल्टचा पुरवठा. पंख्यावर किती व्होल्ट लिहिलेत ते त्याने वाचलं असेल असं मला वाटलं, मी वाचलं असेल असं त्याला. चष्मा दोघांच्याही डोळ्यांवर नव्हता. पंखा जोडला मात्र, तो विमानासारखा गरगरला आणि मग धूर... "मेल्या, चष्मो खंय तुझो?" मोहन ओरडला. "आणि तुझा रे?" मी म्हणालो. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "मिरच्या मी भाजतेय की तुम्ही?" तिघं इतके हसलो की मोहनला ठसका लागला. तो ठसका मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो.

दुसरा पंखा आणला आणि चोवीसाचे बारा व्होल्ट करणारं छोटं मॉड्यूलही आणलं. यावेळी दोघांनी चष्मे लावून आकडा मोठ्याने वाचला. मग वाद. माझं म्हणणं, कोरणं सुरू झालं की पंखा सुरू आणि थांबलं की बंद, अशा जागी वायर जोडू. मोहन ऐकेना. त्याने वायर सरळ पुरवठ्यावरच नेली, म्हणजे मुख्य बटण बंद करेपर्यंत पंखा फिरणार. "काम थांबलं तरी बोर्ड लगेच गार होत नाही रे. पंखा थोडा मागे राहू दे." मशीन थांबलं की तो चहा घ्यायचा, मग बोर्डाच्या बाजूला बोटाची मागची बाजू टेकवायचा, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. गार लागलं तरच बटण बंद. पंखा बसला, सगळं जमलं, आणि नेमकी चांगली फळी संपलेली. म्हणून मी मुलुंडला गेलो होतो.

दिवसपाणी उरकलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी बाल्कनीकडे बघून म्हणालं, हे भंगार काढून टाका आता. वहिनी म्हणाल्या, "त्यांचं अर्धवट राहिलेलं या घरात एवढंच आहे. भाऊजी, ती फळी आहे ना?"

परवा सकाळी ती फळी मशीनवर बसवली. मी विचारलं, मध्ये 'मोहन' घालू का? त्या म्हणाल्या, "नको. त्यांनी लिहिलंय तेवढंच." हा शेवटचा तुकडा बिघडला असता, तर दुसरा आणायचं बळ माझ्यात नव्हतं. पंखा घुमू लागला. 'नंदा' उमटलं. 'सावंत'मधला 'सा' आला, मी श्वास रोखला... रेघ सरळ गेली. शेवटपर्यंत सरळ. मशीन थांबलं. वहिनींनी भुसा पुसून नावावर हात ठेवला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळेपणी रडल्या. मीही रडलो.

मग बाल्कनीत फक्त पंख्याचा आवाज राहिला. मला तो सोसवेना. मी बटणाकडे हात नेला, तर वहिनींनी अडवला. वाकून त्यांनी बोर्डाच्या बाजूला बोटाची मागची बाजू टेकवली, अगदी त्याच्यासारखी.

"अजून गरम आहे," त्या म्हणाल्या. "बसा. चहा टाकते."