तलवाड्याच्या रुखसतीतला लाईट

लाईट घ्यायला बीडला गेले त्या दिवशी माझी ऐट काही विचारू नका. गेवराईत आणि आसपासच्या खेड्यांत मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या बाजूचं शूटिंग करणारी मी एकटीच. पुरुष फोटोग्राफर बाहेर मांडवात, मी आत, सगळ्या पोरींची बाजी, म्हणजे ताई. मेहंदी, नवरीचं नटणं, रुखसतीची, म्हणजे पाठवणीची रडारड, हे सगळं माझं राज्य. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी झाली, त्यामुळं पाढे आणि राग दोन्ही मला मराठीत येतात. हे लिहितेय तेही रागानंच. राग कुणावर, ते कळेलच.

जुना लाईट म्हणजे एक धोंडच होती. त्याला वायर, त्याला स्टँड, आणि पाच मिनिटांत खोलीची भट्टी करायचा. नवरीची पावडर गालावरून ओघळायची. शिवाय खेड्यात ऐन वेळेला वीज जाते, आणि बायकांच्या खोल्यांना बहुतेक खिडकी नसते. म्हणून मला बॅटरीवर चालणारा, कॅमेऱ्यावर बसेल असा लहान एलईडी लाईट पाहिजे होता.

दुकानदारानं दोन लाईट पुढं ठेवले. एक तळहाताएवढा, दुसरा शाळेच्या वहीएवढा. आता आमच्या धंद्यात लाईट पारखायची रीत ऐका. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायला लावायचं, लाईट आधी भिंतीवर मारायचा, मग आपल्याच डोळ्यांवर. ज्यानं डोळ्यांपुढं काजवे चमकतील तो लाईट चांगला. हसू नका, लग्नघरची माणसंही असंच तोलतात. लाईट लावल्याबरोबर पोरींनी डोळ्यांवर हात घेतले आणि एखादी म्हातारी म्हणाली, लई भारी लाईट हाय बाई, की समजायचं पुढचं लग्न आपलंच. लहान लाईटनं माझे डोळे दिपलेच नाहीत. वहीएवढ्यानं मात्र मला घडीभर दुकानदारसुद्धा दिसेना.

तो दुकानदार म्हातारा, सावकाश बोलणारा माणूस. तो म्हणाला, हा मोठा फुल्लवर ठेवला तर चांगलाच आहे. पण उजेड कमी केलात तर डोळ्यांना काही कळणार नाही आणि कॅमेऱ्यात मात्र काळे पट्टे फिरतील. लहान्याचं तसं नाही, तो कितीही कमी करा. थांबा, मोबाईल लावून दाखवतो, असंही म्हणाला. माझी गाडीची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर डोक्यात हवा गेली होती.

"काका," मी म्हणाले, "लग्नात लाईट कमी कोण करतंय?"

त्यानं खांदे उडवले आणि मोठा लाईट खोक्यात भरून दिला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला त्या दिवशी काठीचा मारही पुरला नसता.

पुढची पाच-सहा लग्नं झकास गेली. लाईट फुल्लवर, पोरींचे हात डोळ्यांवर, म्हाताऱ्या खूश. मग तलवाड्याचं लग्न आलं.

नवरीचा बाप गाड्यावर फळं विकायचा. केळी, सीताफळं, उन्हाळ्यात टरबूज. तीन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि आवाजही गेला. ओठ हलायचे, पण बाहेर काही यायचं नाही. ते ओठ फक्त त्याच्या बायकोला वाचता यायचे. ती भाकरी थापता थापता मान वर करून सांगायची, पाणी मागतायत, किंवा, पंखा बंद करा म्हणतायत. लेकीलाही थोडंफार जमायचं. बाकी सगळे नुसतेच मान हलवायचे.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीनं माझा हात धरला. म्हणाली, बाजी, बाकी काही राहिलं तरी चालेल, पण अब्बांचं नीट घ्या. बापाला मांडवात आणणं शक्यच नव्हतं. म्हणून रुखसतीला गाडीत बसण्याआधी ती आतल्या खोलीत जाऊन त्याचा निरोप घेणार होती. मी म्हणाले, तू काळजी सोड. किती सहज म्हणाले मी.

रुखसतीची वेळ झाली तेव्हा वीज जाऊन दोन तास झाले होते. त्या खोलीला खिडकी नाही, दारात बायकांची दाटी. मी आत शिरले आणि लाईट फुल्लवर लावला. बापाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्याला मान फिरवता येईना, चालणारा डावा हात लेकीच्या हातात अडकलेला. त्याची बहीण, म्हणजे नवरीची फुफी, बाजूलाच होती. तिनं आपल्या ओढणीचं टोक त्याच्या डोळ्यांवर धरलं.

"बाजी, लाईट कमी करा ना," नवरी म्हणाली. "अब्बांना सोसत नाही."

मी गोल बटण फिरवत फिरवत अगदी शेवटापर्यंत नेलं. खोलीत कंदिलासारखा मऊ उजेड राहिला. त्यानं डोळे उघडले. मला वाटलं, वा, असा उजेड तर आपण कधी लावलाच नव्हता. बायकोनं मागून त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवून बसवलं. नवरीनं त्याच्या छातीशी डोकं खाली घातलं, त्यानं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि त्याचे ओठ हलायला लागले. चांगला वेळ हलत होते. बायको त्याच्या पाठीमागं, लेकीची मान खाली, फुफी बाजूला रडतेय. त्याच्या तोंडासमोर त्या खोलीत फक्त मी होते, आणि मी चौकट सरळ आहे का ते बघत होते. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा स्क्रीनवर काहीतरी सळसळल्यासारखं वाटलं. मला वाटलं, ओढण्यांवरच्या टिकल्या चमकतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवर बघितलं. काळे पट्टे. जाड, एकामागून एक, खालून वर सरकणारे. हनुवटी झाकली, तोंड झाकलं, डोळे झाकले, की खालून दुसरा आलाच. बाकीचं लग्न काचेसारखं लख्ख, आणि एवढा एकच तुकडा असा. लाईट पुन्हा लावला, कमी केला, मोबाईलमधून बघितला. तेच. दुकानदार हेच दाखवणार होता.

मग मी काय केलं? आमच्या धंद्यात व्हिडिओ जिथं बिघडतो तिथं गुलाबाच्या पाकळ्या पाडतात. वरून पाकळ्या, खालून गाणं, चित्र संथ करायचं, लोक रडतात आणि कुणाला काही कळत नाही. मी पाकळ्या पाडल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नाचा व्हिडिओ महिनोन् महिने उशिरा द्यायची रीतच आहे, त्यामुळं कुणी विचारायलाही आलं नाही.

आणि तो माणूस त्यानंतर जवळजवळ महिनाभर जिवंत होता. हे मला गिळता येत नाही. तलवाडा काय विलायतेत आहे? सकाळी निघून दुपारी परत आले असते. त्याच्या बायकोला, खाला, व्हिडिओ बिघडलाय, त्यांना विचारा काय म्हणाले होते, एवढंच तर सांगायचं होतं. नाही गेले. भीती होती की बायकांत बोभाटा होईल, हिला काही येत नाही म्हणतील, दुसरी कुणी आणतील. दुसरी कोण आणतील, कपाळ माझं, दुसरी आहेच कुठं?

तो गेला. तिसऱ्या दिवसाची जियारत झाल्यावर नवरीचा फोन आला. ती चौसाळ्याच्या सासरहून माहेरी आली होती. फुफीनं तिला सांगितलं होतं की रुखसतीच्या वेळी भाईजान तुझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलत होते. तिला हे माहीतच नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं. फोनवर ती रडत नव्हती, उलट आवाजात जीव आला होता. म्हणाली, बाजी, मला गाणं नको, काही नको, जसं घेतलंय तसंच दाखवा. अम्मी बघेल आणि सांगेल.

आई इद्दतमध्ये. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई घराबाहेर पडत नाही. म्हणून लॅपटॉप घेऊन मीच गेले. वाटेत ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं. अगदी शब्दसुद्धा जुळवले होते.

त्याच खोलीत बसलो. आईनं चष्मा पुसला, लावला. मी व्हिडिओ चालू केला. सुरुवातीला एक पट्टा कपाळावर गेला तेवढ्यात तोंड मोकळं होतं, आणि ती पटकन म्हणाली, "बेटा म्हणाले." मायलेकींनी एकमेकींचे हात धरले. मग पट्टा आला. मग दुसरा. ती म्हणाली, मागं घे. मी मागं घेतलं. संथ करून दाखवलं, थांबवून थांबवून दाखवलं. ती स्क्रीनच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासानं काच धुरकटली. त्याच्या ओठांबरोबर तिचे ओठ हलायला लागले, पण अर्ध्यातच थांबायचे, कारण त्याचे ओठ तिथं दिसेनासे व्हायचे. किती वेळा बघितलं कुणास ठाऊक. शेवटी तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तीन वर्षं एक शब्द चुकला न्हाई माझ्याकडून," ती म्हणाली. "हे न्हाई कळत मला."

मी जुळवून आणलेले शब्द तोंडात होते. तेवढ्यात लेकीनं विचारलं, हे पट्टे कशाचे? साधा प्रश्न होता. मी चुकीचा लाईट घेतला, मला सांगितलं होतं तरी घेतला, एवढं उत्तर होतं.

"लाईट कमी होता ना," मी म्हणाले. "त्यामुळं."

खोटं नव्हतं, हीच तर हरामखोरी. लेक आईकडं वळली आणि अगदी हळू म्हणाली, "अम्मी, मीच म्हणले होते कमी करा." आईनं तिला जवळ घेतलं, म्हणाली, अब्बांसाठीच म्हणलीस ना तू. मी समोर बसले होते. अजूनही बोलता आलं असतं. नाही बोलले. फुफीनं चहा आणला, तो प्याले, लॅपटॉप मिटला आणि निघाले.

तो लाईट मी नंतर वापरला नाही. बीडला जाऊन लहान लाईट घेतला. त्यानं कुणाचं काय भलं झालं? ती पोर चौसाळ्यात स्वयंपाक करते, दीर-नणंदांचं बघते, आणि बापाचं शेवटचं बोलणं आपल्यामुळं गेलं असं समजून चालते. माझ्या एका वाक्यानं ते ओझं उतरलं असतं. उतरवलं नाही मी.

परवा तिचा फोन आला. नणंदेचं लग्न ठरलंय, बायकांतलं शूटिंग बाजीच करणार, असं तिनं घरात भांडून ठरवलं होतं. तारीख सांगितली, घराचा पत्ता सांगितला.

"बाजी, लाईट तुम्हाला पाहिजे तेवढा लावा," ती म्हणाली. "मी मधे काही बोलणार नाही."

मी बरं म्हणाले.