फुग्यांच्या खेळातून आलेला ट्रॅक्टर

आमच्या दारात नवा कोरा ट्रॅक्टर येऊन थांबला तेव्हा मी एका ब्लाऊजला हुक लावत होते. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात ट्रॅक्टरचं कुणाला नवल नाही. आमच्या रानातही तो येतो, पण भाड्याने, आणि काम झालं की जातो. या ट्रॅक्टरच्या तोंडाला मात्र लाल रिबीन बांधलेली होती. मागून आलेल्या मोटारसायकलवरून एक चाळिशीचा माणूस उतरला आणि त्याने माझं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "ताई इथंच राहतात का?"

सासरे बाजेवरून उठले. "या, या. वाटच पाहत होतो."

मालक, म्हणजे माझे यजमान, त्या दिवशी नेमके घरी होते. ते गोरेगाव-हिंगोली जीप चालवतात आणि त्या दिवशी जीप दुरुस्तीला होती. त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू ट्रॅक्टर काहून मागवला?"

"मी न्हाई मागवला."

"मग यांना तुझं नाव कुणी सांगितलं?"

तो माणूस हिंगोलीच्या एका शोरूममधला विक्रेता होता. त्याने खिशातून मोबाइल काढून दाखवला. माझं नाव, माझा नंबर, आणि पुढे ट्रॅक्टरचं मॉडेल. दुपारच्या वेळी मी चौकशी केली होती, असं त्यात होतं. नंतर त्याने फोन केला, तो सासऱ्यांनी उचलला, कारण मी एका बाईचं माप घेत होते.

"मामा, तुमी काय बोलले त्यांना?" मी सासऱ्यांना विचारलं.

"ते म्हणले, ट्रॅक्टर पाहायचा आहे का. मी म्हणलो, पाहायला काय जातंय."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

आमची लेक तेव्हा अडीच वर्षांची होती. गर्दी पाहून ती आतून आली आणि विक्रेत्याच्या गुडघ्याशी उभी राहून त्याच्या मोबाइलकडे बघू लागली. त्याने कौतुकाने फोन खाली धरला आणि त्यांच्या ट्रॅक्टरची जाहिरात लावून दिली. ती संपली आणि खाली हिरवं बटण आलं. लेकीने ते दाबलं. पुढचा फॉर्म फोनने आपणच भरून दिला. तिथेही खाली हिरवं बटण होतं. तिने तेही दाबलं. मग फोन त्याच्या हातात सोडून ती कोंबडीमागे गेली.

विक्रेत्याने स्क्रीनवरचं वाचलं. आता त्याच्या स्वतःच्या नावाने एका ट्रॅक्टरची चौकशी गेली होती.

"ताई," तो म्हणाला, "हिच्याकडं असतो का तुमचा फोन?"

असायचा. शिलाई मशीनच्या चाकात तिने बोट घालू नये म्हणून मी तिला फोन द्यायचे. त्यात फुगे फोडायचा एक खेळ होता. वर 'लहान मुलांसाठी' असं लिहिलेलं, शेजारी निळ्या हत्तीचं चित्र, आणि फुकट. हत्ती पाहिल्यावर मी आणखी काही तपासलं नव्हतं.

ट्रॅक्टर आलाच आहे तर रिकामा कशाला पाठवायचा, असं सासऱ्यांचं म्हणणं पडलं. विक्रेत्यालाही डेमो झाल्याचा फोटो वर पाठवायचा होता. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला घेऊन दोघं घरामागच्या रानात गेले. सासऱ्यांनी हरभऱ्याचं मोकळं रान अर्धंअधिक मागे जोडलेल्या रोटाव्हेटरने भुसभुशीत करून घेतलं, माती हातात घेऊन पाहिली आणि ट्रॅक्टर चांगला असल्याचं मत दिलं. सासूबाईंनी पोहे केले. पोहे खाताना तो माणूस म्हणाला, "आमच्या घरी पण असंच आहे. माझ्या पोरानं झोपायचा पलंग मागवला होता. तो तर घरीच येऊन पडला." मग तो गेला. रिबीन लेकीने मागून घेतली.

त्यानंतर आठवडाभर लोक सासऱ्यांचं अभिनंदन करून राहिले होते. ते कुणाला नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीन बंद ठेवली आणि लेकीच्या शेजारी बसले. ती तो खेळ कसा खेळते, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. दोन-चार फुगे फुटले की जाहिरात यायची. मग ती सावध व्हायची. कोपऱ्यात बारीकशी फुली कुठे येते ते शोधायची, सापडली की दाबायची आणि माझ्याकडे बघून हसायची. फुग्यांकडे तिचं फारसं लक्ष नव्हतं. तिच्या मते खेळ फुली शोधायचाच होता. फुली सापडली नाही की मग हिरवं बटण.

मला वाटत होतं, लेकरू खेळून राहिलंय. ते तर दिवसभर दुकानदारांना दारातून परत पाठवत होतं. मी तो खेळ काढून टाकला.

मग मी एकेक खेळ उतरवून आधी स्वतः खेळायला लागले. सासूबाई दोनदा येऊन पाहून गेल्या. एका खेळात मांजराला आंघोळ घालायची होती, पण साबण विकत घ्यावा लागत होता. दुसरा वस्तूंच्या जोड्या लावायचा होता, पण त्याला आमच्या फोनमधले फोटो आणि माइक हवा होता. जोड्या लावायला त्याला माझा आवाज कशाला लागतो, ते कळलं नाही, म्हणून तोही गेला. तिसरा, रंगीत ठोकळ्यांच्या जोड्यांचा, बरा होता. जाहिरात नाही, इंटरनेट बंद केलं तरी चालतो. सेटिंगला मोठ्यांसाठी कुलूप होतं. उघडायचं तर गुणाकार सोडवायचा. सात आठे किती, असं. ही सोय लेकीपासून पक्की होती. पण सासऱ्यांना तीसपर्यंत पाढे पाठ आहेत आणि बऱ्याच वर्षांत त्यांना ते कुणी विचारले नव्हते. ते फोन मागून घ्यायचे, कुलूप उघडायचे, बंद करायचे, परत उघडायचे. शेवटी मला फोनलाच वेगळा पासवर्ड घालावा लागला.

लेकीच्या डोसाच्या वेळी दवाखान्यातल्या सिस्टरला फोनचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, थोडा वेळच द्या आणि शेजारी बसून द्या. शेजारी बसायला वेळ असता तर फोन दिलाच कशाला असता, हे मी त्यांना बोलले नाही. पण विचार करून एक ठरवलं. शिवताना द्यायचा नाही. कापड कापून झालं, कात्री वर ठेवली, की मी चहा घेते. तेवढा वेळ दोघी मिळून खेळायचं. चहा संपला की फोन बंद. मशीनच्या चाकाला मालकांनी जाळी बसवून दिली. ते काम आधीही होण्यासारखं होतं.

पहिले काही दिवस लेकीने रडून गल्ली जागी केली. सासूबाई तिला शेळ्यांकडे घेऊन जायच्या. मग रडणं कमी झालं. एके दिवशी मी हाक मारली आणि तिने पहिल्याच हाकेला मान वर केली. आधी ती करत नव्हती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

परवा गल्लीतली एक बाई ब्लाऊज टाकायला आली. तिचा नातू फोनशिवाय घास घेत नाही. ती म्हणाली, "तुमच्या पोरीचा तो खेळ माझ्या फोनात टाकून दे."

"टाकते. पण आधी तुमी खेळून पाहा. मगच त्याला द्या."

"मी?"

"व्हय. पाच मिनिटं."

ती स्टुलावर बसली. रंगीत ठोकळे जोडीने लावू लागली. जोडी जमली की फोनमधून टाळ्या वाजायच्या, तशी ती सावरून बसायची. मी दोनदा म्हटलं, उभ्या राहा, माप घ्यायचंय. तिला ऐकू गेलं नाही. शेवटी खांद्याचं आणि पाठीचं माप मी ती बसल्या जागीच घेतलं.