पाटीची मागची बाजू

आप्पांना तोंडानं सांगितलेलं काही पोचत नसे. कान ठणठणीत होते. वीस पावलांवर कुणी भेळेचा पुडा उघडला तरी त्यांची मान वळायची. पण "आप्पा, ते काम झालं हो" असं कुणी म्हटलं, की ते टेबलावरची लाकडी चौकटीची दगडी पाटी पुढे सरकवायचे. त्यावर लिहायचं. मग आप्पा वाचणार, ओल्या फडक्यानं पुसणार, आणि मगच म्हणणार, "आता पोचलं."

हे सगळं चाकणच्या एका चकचकीत ऑफिसात चालायचं, जिथं प्रत्येकापुढं दोन-दोन स्क्रीन होते. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना पाटी म्हणजे सजावट वाटायची. आमचे साहेब एकदा घाईत फडकं न शोधता शर्टाच्या बाहीनं पाटी पुसून मीटिंगला गेले. तासभर ग्राहकापुढं हातवारे करताना त्यांच्या पांढऱ्या धुळीनं माखलेल्या निळ्या बाहीकडेच सगळे बघत होते. आप्पा मात्र खूश. "साहेबांना पोचलं. बाहीवर पुरावा हाय."

आप्पा मूळचे कुरुळीचे. डिप्लोमा करून शॉप फ्लोअरवर लागले आणि वायरी जोडता जोडता कोडपर्यंत पोचले. मी लातूरकडची. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून म्हणाले, "ताई, तुमचं गाव लय लांब दिसतंय. शब्द दमून येत्यात." तेव्हापासून मी त्यांची शिष्या.

आमचं काम सांगते, घाबरू नका. विजेवर चालणाऱ्या मालवाहू तीनचाकीत एक चिप असते आणि तिच्या पोटात दोन प्रोसेसर. आप्पा त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. थोरला पडदा दाखवतो, नकाशा काढतो, गाणी लावतो. धाकटा बॅटरी आणि ब्रेक सांभाळतो. "थोरला हुशार, पण घड्याळ बघत न्हाई. धाकट्याला चारच गोष्टी येत्यात, पण वेळेवर." दोघं एका घरात राहतात, पण थेट बोलत नाहीत. मध्ये मेमरीचे दोन कप्पे ठेवलेले असतात. एकात थोरल्यानं लिहायचं आणि धाकट्यानं वाचायचं, दुसऱ्यात उलट. थोरल्याच्या बाजूनं ही निरोपानिरोपी जो सांभाळतो तो कर्नलमधला, म्हणजे सगळ्यांच्या तळाशी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधला, ड्रायव्हर, आणि बाकीच्या प्रोग्रॅमांनी त्या ड्रायव्हरशी कसं वागायचं हे नियम आप्पा ठरवायचे.

साहेबांना सतरा प्रकारचे कॉल, म्हणजे ड्रायव्हरकडून काम करून घ्यायच्या सतरा वाटा, हवे होते. आप्पांनी तीन दिले: लिही, थांब, वाच. साहेब म्हणाले, "आप्पा, सतरा का नाहीत?" आप्पा म्हणाले, "साहेब, तुमच्या फ्लॅटला दारं किती?" साहेब ताथवड्याला राहायचे. ते म्हणाले, "एक." "मग अजून दोन जास्तच दिली की."

या तिन्हींच्या मुळाशी एक नियम होता. थोरल्यानं लिहिलेलं धाकट्यानं पुसलं, म्हणजे पोचलं. पुसलं नसेल तर थोरल्यानं थांबायचं, आणि तोवर धाकट्याच्या कप्प्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. "त्यानं आपलं वाचलं न्हाई, तर त्याचं आपण का वाचायचं?" हे वाक्य आप्पा जरा जास्तच जोरात म्हणायचे, आणि त्याचं कारण सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

कारण होतं त्यांचा धाकटा भाऊ, नाना. दोघांच्या राहिलेल्या जमिनीत एक सामाईक विहीर, आणि मोटारीच्या खोलीत तारेला टांगलेली एक पाटी. पुढची बाजू आप्पांची, मागची नानांची. "मोटार लावली", "मोटार बंद कर", एवढंच. वाचणाऱ्यानं पुसायचं. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. मग यात्रेत नानांचा बैल बैलगाड्याच्या शर्यतीत ऐन घाटात, म्हणजे त्या धावायच्या चढावर, मध्येच थांबला आणि शांतपणे मागं वळून गर्दीकडे बघत राहिला. सगळ्या गावात पहिले हसले ते आप्पा. नुसते हसले नाहीत. "ह्यो काय टोलनाका हाय का रं" असंही ओरडले, आणि पुढे गाव हसलं.

नानांनी बोलणं सोडलं. दोन महिन्यांनी आप्पांनी मन घट्ट करून पाटीच्या पुढच्या बाजूला लिहिलं, "घाटात हसलो. चुकलं." आणि पाटी पुसली जायची वाट बघत बसले. मधल्या काळात मोटारीला मोबाइलवरून चालणारा स्टार्टर आला आणि पाटीची गरजच उरली नाही. तरी आप्पा दर रविवारी खोलीच्या दारातून डोकवायचे. सोमवारी सकाळी त्यांचा चेहरा बघून कुणी तरी विचारायचं, "काय आप्पा?"

"तशीच हाय."

अशी तीन वर्षं. आप्पा घरात मुलीच्या लग्नाची बोलणी करत होते आणि त्यांना एकच घोर होता. "काका मांडवात न्हाई आला तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू, ताई?" मी म्हणायची, सरळ जाऊन विचारा ना. आप्पा म्हणायचे, "त्यानं वाचलंच न्हाई अजून. जाऊन काय करू?"

अशात एक मोठे ग्राहक गाडी बघायला आले. साहेबांनी त्यांना शेजारी बसवून कंपनीच्या आवारात फेरी मारली. पडद्यावर बॅटरी बासष्ट टक्के. पहिल्या फेरीला बासष्ट, दहाव्या फेरीलाही बासष्ट. साहेब म्हणाले, "बघा, काय गाडी आहे, उतरतच नाही." पुढच्या वळणावर गाडी थांबली ती थांबलीच. पाहुणे भले, खाली उतरून स्वतःच ढकलू लागले. साहेब दुसऱ्या बाजूनं. पडद्यावर अजूनही बासष्ट. मी आणि आप्पा खिडकीतून बघत होतो. मला हसू आवरेना. आप्पा म्हणाले, "हसू नगा. हसण्याची शिक्षा लय लांबते."

साहेब घामाघूम होऊन वर आले आणि म्हणाले, शुक्रवारपर्यंत सापडलं नाही तर तुमचे तीन दरवाजे काढून विकतचं सॉफ्टवेअर बसवणार. मग मी आणि आप्पांनी दोन्ही कप्प्यांत काय पडलंय ते उघडून बघितलं. थोरल्याच्या कप्प्यात त्याचा निरोप तसाच, न पुसलेला: बॅटरीचा आकडा दे. ठीक. मग मी धाकट्याचा कप्पा उघडला.

"आप्पा, यात उत्तर आहे."

"असं कसं असंल? त्यानं पुसलं कुठं?"

"उत्तर म्हणजे प्रश्न आहे. तो विचारतोय, गाडीत बॅटऱ्या दोन, मग कुठल्या बॅटरीचा आकडा देऊ, पुढच्या की मागच्या? आणि थोरल्याचा निरोप त्यानं मुद्दाम पुसलेला नाही. काम पुरं होईपर्यंत जपून ठेवलाय."

"म्हणजे थोरला..."

"थोरला पुसण्याची वाट बघतोय, धाकटा उत्तराची. दोघांनी आपापलं लिहिलंय. थोरला फक्त दुसऱ्या कप्प्याकडे बघत नाही."

 आप्पा उठले, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "ताई, चला. मला एकट्याला धीर व्हायचा न्हाई."

कुरुळी जवळच. दोन गोडाऊनांच्या मधून वाट काढत आम्ही भर दुपारी त्या मोटारीच्या खोलीपाशी आलो. पाटी तारेला लटकत होती. "घाटात हसलो. चुकलं." अक्षरं फिकी झाली होती, पण होती. आप्पांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि पाटी उलटी केली.

मागे मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "बैल खरंच मंद हाय का?"

आप्पा पाटी घेऊन तशीच नानांच्या अंगणात गेले. नाना बाजेवर शेंगा सोलत होते. बैल शेजारीच, रवंथ करत. तीन वर्षांनी पहिलं वाक्य आप्पांचं होतं.

"मंद न्हाई. गर्दीला बिथरला व्हता."

नाना शेंगा सोलत राहिले. "एवढंच इचारलं व्हतं."

"मग माझं पुसलं का न्हाईस?"

"पुसलं असतं तर राहिलं काय असतं? तू चुकलं म्हणून आजवर कवा लिवलंय?" नानांनी मूठभर शेंगा पुढे केल्या. "बस. ह्या बाई कोण?"

"माझ्या मास्तरीण," आप्पा म्हणाले. बैल आमच्याकडे मागं वळून बघत होता, अगदी शर्यतीत बघितलं असेल तसाच. या वेळी कुणी हसलं नाही. मी तोंडात शेंगदाणे कोंबले म्हणून वाचले.

शुक्रवारी आप्पांनी नियम बदलला. पुसलं असो-नसो, थोरल्यानं आधी धाकट्याचा कप्पा बघायचा. बदल चार ओळींचा. तो का केला, या रकान्यात आप्पांनी लिहिलं, "पुसलं नाही म्हणजे वाचलं नाही, असं धरून चालू नये." साहेबांनी ते वाचून विचारलं, याचा टेस्ट रिपोर्ट कुठंय? आप्पा म्हणाले, "मांडवात दाखवतो." आणि लग्नात नानांनी फेटा बांधून साहेबांना तीन वेळा जिलेबी वाढली.

गेल्या वर्षी आप्पा निवृत्त झाले. आता ते आणि नाना मिळून त्या बैलाला गर्दीची सवय करतात म्हणे. रोज सकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेला त्याला रस्त्याकडेला उभा करतात. जाताना ऑफिसातली पाटी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. पुढच्या बाजूला लिहिलं होतं, "ताई, येतो."

मी ती पुसलेली नाही. नवी मुलं विचारतात, मॅडम, फडकं देऊ का? मी नको म्हणते. मागच्या बाजूला मी लिहून ठेवलंय, "कधी?" आप्पा आले की आधी पाटी उलटी करतील, मग बसतील.