सगळ्यांचा जन्म एक जूनचा

दानीएल भांबळ जन्मला तेव्हा दारात बाजरीचं खळं चालू होतं, असं त्याची आई सांगायची. म्हणजे जन्म दिवाळीच्या आगेमागेचा. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, "तारीख?" बाप आढ्याकडं बघत राहिला. गुरुजींनी लिहून टाकलं, एक जून. राहुरीकडच्या त्या चार गावांत गुरुजींनी एक जूनला जेवढी पोरं जन्माला घातली, तेवढी सुईणींनाही जमली नसती!

तेव्हा ते हसण्यावारी गेलं. त्याचा राग यायला बरीच वर्षं लागली.

दानीएल पाटकरी झाला. कालव्यातून फुटणारी सात नंबरची चारी, लांबी अकरा किलोमीटर, पस्तीस वर्षं त्याच्याकडं. गेट उघडायचं, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवायचं आणि मधली भांडणं मिटवायची. एकदा दोन सख्खे भाऊ पाण्याच्या पाळीवरून फावडी उगारून उभे राहिले, तर हा गडी दोघांच्या मधे पाण्यातच फतकल मारून बसला. "आधी मला हाना, मग पानी तुमचंच." भावांना हसू आवरेना.

कचेरीत असे जुने जाणते पाच जण. पाचही त्याच गुरुजींचे, एकाच वर्गातले विद्यार्थी. सरकारी हिशेबानं पाचही एकतीस मेला एकदम घरी जाणार. हे मार्चमध्ये ध्यानात आलं, तसा दानीएल शाखा अभियंता ओंकार साहेबांपुढं उभा राहिला.

"साहेब, कचेरी एका दिवसात रिकामी हुनार. एक मानूस द्या मला. येत्या आवर्तनात पानी सुटलं की पाण्यासंगं चालवतो त्याला, चारी दाखवतो."

"मामा, नकाशा आहे ना. सगळं मोबाईलवर आलंय आता."

"मोबाईलला खेकड्याची बिळं दिसत्यात व्हय?"

साहेब हसले. एप्रिलच्या आवर्तनात त्यानं पुन्हा विचारलं. "वरून माणूस आला की देतो," म्हणाले. एकतीस मेला मात्र शाली वेळेवर आल्या, नारळ आले, पेढेही आले. भाषणात साहेब म्हणाले, "यांच्या अनुभवाची पोकळी भरून निघणार नाही."

दानीएल जागेवरूनच ओरडला, "भरायची कधी हुती तुमाला? तीन म्हयनं सांगतोय!"

बाकीचे चौघे पेढ्याकडं बघत बसले. कार्यक्रम तिथंच उरकला.

चार जूनला सकाळी तो ओट्यावर चहा पीत होता. फोन वाजला. श्रीरामपूरहून नवीन आलेली कालवा निरीक्षक ज्ञानेश्वरी बोलत होती. चार दिवसांत तिच्या गळ्यात एकदम तीन चाऱ्या पडल्या होत्या.

"मामा, सहाव्या किलोमीटरला भरावातून पाणी गळतंय. ओढ्याच्या मोरीजवळ."

"गेट किती आटं उघडलं?"

"आठ. वेळापत्रकात पूर्ण क्षमतेनं सोडा असं आहे."

दानीएलनं कप असा आदळला की कान तुटला. भराव काळ्या मातीचा. मे महिन्यात त्याला हातभर भेगा पडतात. म्हणून पहिल्या दिवशी गेटचा स्क्रू चारच आटे फिरवायचा, माती भिजू द्यायची. ती फुगली की भेगा आपोआप मिटतात. आठ आटे दुसऱ्या दिवशी. पस्तीस वर्षांत ही गोष्ट एकाही साहेबानं विचारली नव्हती.

"फुटू दे!" तो बायकोला म्हणाला. "पोकळी बघू देत साहेबाला."

"साहेबाचं काय बुडतंय?" दया म्हणाली. "मोरीच्या खालच्या अंगाला बायडाबाईचं घर हाय. म्हातारी बाळंतीन लेकीला घिऊन बसलीय तिथं. जा की! हितं कप कशाला फोडता?"

तो शिव्या देतच गाडीवर बसला.

भरावाखाली आधीच पाच-सहा माणसं बाहेरच्या अंगानं पोती कोंबत होती. साहेब फोनवर जेसीबी बोलावत होते, ज्ञानेश्वरी शेजारी उभी होती.

"ठिवा तो फोन!" दानीएल लांबूनच गरजला. "ओल्या भरावावर जेसीबी घालता? पार बसंल त्यो!"

"मग गेट पूर्ण बंद करतो."

"एकदम पानी उतरवलं तर आतली वली माती घसरंल. दोन-दोन आट्यांनी खाली घ्या, मधी अर्धा अर्धा तास थांबा. ज्ञानेश्वरी, तू जा गेटावर. आन तुमी समदे, बाहेरून काय बुजवताय? भेगांतून पानी खेकड्याच्या बिळात शिरलंय, बिळाचं तोंड आत हाय!"

पँट दुमडून तो चारीत उतरला. काठ चाचपत पायानं बिळं शोधली, आत हात घालून दाखवली. लोकांनी पोती आतून दाबली, वर चिखल थापला. धार करंगळीएवढी झाली, मग नुसती ओल राहिली. खाली बायडाबाई बाळाला पदरात घेऊन लेकीसह टेकाडावर जाऊन उभी होती. बारा वाजता ती घराकडं वळली. तिनं कुणाला काही विचारलं नाही, एवढंच म्हणाली, "पाटकरी आला व्हय."

साहेबांनी घाम पुसला. "मामा, फार उपकार झाले. हे सगळं जरा कागदावर लिहून द्या ना. फाईलला लावून ठेवतो."

झालं! दानीएल चिखलानं भरलेला तसाच त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला.

"फायलीला? पस्तीस वर्षं फायलीत मावत्यात व्हय? मागितला हुता तवा मानूस दिला न्हाई. आता म्या लिवनार न्हाई. ज्याला पायजे त्यानं चालायचं. हितनं शेवटच्या शेतापत्तर, पाच किलोमीटर, आत्ता. जीप राहू द्या हितंच."

साहेबांनी उन्हाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. गेटावरून परतलेल्या ज्ञानेश्वरीनं वही काढली, ओढणी डोक्याला घट्ट बांधली आणि ती भरावावर चढली. मग साहेबांना चढावंच लागलं.

दानीएल पुढं निघाला. राग तसूभरही उतरला नव्हता. पन्नास पावलांवर तो थांबला.

"साहेब, हात घाला ह्या भेगंत. अजून आत. मनगट गेलं? आता पोरीला सांगा, लिही म्हनावं. आन बूट काढा तेवढं, माती मऊ हाय का घट्ट ते तळव्याला कळतं."

साहेब भरावावर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले.